आफ्रिकेतील शिकारसफर आणि रायफलची निवड : १८६० ते १९७७

१. प्रश्नाचे स्वरूप

आफ्रिकेतील शिकारसफरींचा इतिहास बहुतांशी शिकाऱ्यांनीच लिहिला आहे. त्यामुळे कोणत्या प्राण्यासाठी कोणती रायफल व कोणत्या बोअरची गोळी घ्यावी, या प्रश्नाची चर्चा त्या वाङ्मयात विपुल आढळते. परंतु प्राण्याचे आकारमान, गोळीचे वजन आणि नेमबाजाचे कौशल्य या तीन गोष्टींच्या पलीकडे ही चर्चा क्वचितच जाते. वस्तुतः रायफल ही कारखान्यात घडते, बाजारात विकली जाते, सरकारच्या परवान्याने बाळगली जाते आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावरून वाहिली जाते. या सर्व व्यवहारांचा निवडीवर परिणाम झाल्यावाचून राहत नाही. विशेषतः आफ्रिकेतील हत्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या काही प्रमुख बोअरांची मापे हिंदुस्थानातील सरकारच्या एका मनाईहुकुमामुळे ठरली, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हा प्रश्न केवळ शिकारशास्त्राचा नसून साम्राज्याच्या इतिहासाचाही आहे, हे स्पष्ट होते.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेत अरबीतून आला. मराठीतील ‘सफर’ हा त्याचाच सोयरा. तीच गोष्ट स्वाहिलीतील ‘बुंदुकी’ आणि मराठीतील ‘बंदूक’ या शब्दांची. हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर प्रवास आणि शस्त्र यांची नावे एकाच मूळ शब्दांवरून यावीत, यात जुन्या व्यापारी संबंधांची खूण आहे. पुढील विवेचनात हे दोन किनारे पुनः एकदा, पण वेगळ्याच कारणाने, एकत्र येताना दिसतील.

आरंभी मापनाच्या दोन पद्धती समजून घेणे अवश्य आहे. जुन्या पद्धतीत एक पौंड शिशापासून नळीत बसतील अशा जितक्या गोल गोळ्या होत, तो आकडा म्हणजे बंदुकीचा बोअर. म्हणून चार बोअरच्या बंदुकीची गोळी पाव पौंडाची आणि आठ बोअरची गोळी दोन औंसांची. आकडा जितका लहान तितकी बंदूक मोठी. नव्या पद्धतीत नळीचा व्यास इंचाच्या सहस्रांशांत सांगतात. ‘४५०’ म्हणजे सुमारे ४५० सहस्रांश इंच. मात्र हे आकडेही काटेकोर मानू नयेत. जेफरीच्या ‘४०४’ रायफलीची गोळी प्रत्यक्षात सुमारे ४२३ सहस्रांशांची आणि वेस्टली रिचर्ड्सच्या ‘३१८’ची गोळी सुमारे ३३० सहस्रांशांची असते. बोअरचे नाव हे अंशतः माप आणि अंशतः व्यापारी चिन्ह आहे, ही जाणीव अभ्यासकाने ठेवावयास हवी.

२. काळ्या दारूचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शिकाऱ्याजवळ काळी दारू आणि शिशाची गोळी एवढीच साधने होती. काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढविता येत नसे. परिणामी मारकशक्ती वाढवावयाची तर गोळीच मोठी करणे, हाच मार्ग उरे. नाईलच्या उगमाच्या शोधार्थ १८६१ ते १८६५ या काळात प्रवास करणाऱ्या सॅम्युएल बेकरने अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी एक प्रचंड रायफल बरोबर नेली होती. तिचे लाडके नाव ‘बेबी’ असे होते. त्याच्या अरब सोबत्यांनी मात्र तिला ‘तोफेचे पोर’ असे अधिक अन्वर्थक नाव दिले. तिचा धक्का इतका जबर असे की, सिलोनच्या अरण्यात वर्षानुवर्षे शिकार केलेला बेकरही ती उडविण्यास कचरत असे.

फ्रेडरिक कोर्टनी सेलूस याचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १८७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. त्याने वापरलेल्या चार बोअरच्या बंदुका बर्मिंगहॅमच्या आयझॅक हॉलिस या कारखान्याच्या, ठासणीच्या आणि आटे नसलेल्या होत्या. बोअर शेतकऱ्यांसाठी बनविलेल्या या स्वस्त बंदुकांची किंमत प्रत्येकी अवघी सहा पौंड होती. दारू चामड्याच्या पिशवीतून हाताने घ्यावयाची, मोजमाप फारसे करावयाचे नाही, अशी ही पद्धत. असल्या बंदुकांनी त्याने १८७२ ते १८७४ या तीन हंगामांत ७८ हत्ती मारले व तेही एखादा अपवाद वगळता पायी चालून. परंतु या बंदुकांच्या धक्क्यांनी आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला व पुढील आयुष्यात नेमबाजी बिघडली, असे त्याने १८८१ च्या आपल्या ग्रंथात खेदाने नमूद केले. पुढे त्याने गिब्स-फर्कर्सन जातीच्या, ४५० व ४६१ बोअरच्या, कितीतरी हलक्या रायफली पसंत केल्या.

हा खेद केवळ वैयक्तिक नव्हता; त्यामागे यांत्रिक कारण होते. गोळी किती खोल शिरेल हे तिच्या नुसत्या वजनावर अवलंबून नसते, तर वजन व छेदाचे क्षेत्र यांच्या प्रमाणावर बरेचसे अवलंबून असते. पौंडांतील वजनास इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्याला ‘छेदघनता’ म्हणता येईल. चार बोअरच्या पाव पौंडी गोल गोळीसाठी हा अंक सुमारे ०.२३ येतो. पुढे प्रचारात आलेल्या ७ मिलिमीटरच्या लांबट, १७३ ग्रेन वजनाच्या गोळीसाठी तो सुमारे ०.३१ येतो. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात. म्हणजे दुसरी गोळी पहिलीच्या दशांश वजनाची असूनही या कसोटीवर सरस ठरते. त्यात मऊ शिसे हाडावर आपटताच चपटे होते, ही अडचण वेगळीच. हत्तीच्या कवटीत मेंदूभोवती मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र हाडांचा जाड थर असतो. तो भेदावयाचा तर रुंदीपेक्षा लांबी आणि मऊपणापेक्षा काठिण्य अधिक उपयोगी, ही गोष्ट काळ्या दारूच्या काळातील शिकाऱ्यांना अनुभवाने जाणवत होती. तिच्यावर उपाय मात्र त्यांच्या हाती नव्हता.

३. धूरविरहित दारू आणि ‘नायट्रो एक्सप्रेस’

हा उपाय प्रयोगशाळेतून आला. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूरविरहित दारू सिद्ध केली व १८८६ च्या लेबेल रायफलीत तिचा लष्करी उपयोग झाला. ब्रिटनमध्ये ॲबेल व ड्यूअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट तयार केले. वेग वाढल्यावर उघडे शिसे नळीत टिकेना; म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच आले. ज्या गोळीचे टोक कवचाने पूर्ण झाकलेले असते ती ‘सॉलिड’ आणि जिचे टोक उघडे ठेवलेले असते ती ‘सॉफ्ट’, असे दोन वर्ग पडले. पहिली खोल शिरते, दुसरी पसरते. हत्ती व गेंडा यांसाठी सॉलिड आणि सिंह व हरिणे यांसाठी सॉफ्ट, हा नियम तेव्हापासून रूढ झाला. बोअरच्या निवडीइतकीच गोळीच्या प्रकाराची निवड महत्त्वाची ठरली.

१८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बी या कारखान्याने कॉर्डाइटवर चालणारी ४५० बोअरची दुनळी रायफल बाजारात आणली. जलद आगगाडीवरून ‘एक्सप्रेस’ हे नाव काळ्या दारूच्या वेगवान रायफलींना पूर्वीच मिळाले होते. आता त्यास ‘नायट्रो’ची जोड मिळाली. या रायफलीची ४८० ग्रेनची गोळी दर सेकंदास सुमारे २,१५० फूट वेगाने सुटे व तिची ऊर्जा ४,९०० फूट-पौंडांच्या वर जाई. सुमारे ११ पौंडांच्या, खांद्याला पेलणाऱ्या शस्त्रात हे सामर्थ्य प्रथमच आले. थोड्याच वर्षांत जेफरीने ९०० ग्रेनची गोळी फेकणारी ६०० बोअरची रायफल काढली. तिचे वजन मात्र १६ पौंडांच्या घरात गेले. दुसऱ्या बाजूने त्याच कारखान्याची ४०० बोअरची सौम्य रायफलही लोकप्रिय झाली.

येथे हवामानाचा भाग लक्षात घेतला पाहिजे. कॉर्डाइट उष्णतेला फार संवेदनशील असते. विलायतेतील थंड हवेत बिनबोभाट चालणारे काडतूस विषुववृत्ताच्या उन्हात तापले की नळीतील दाब वाढे, पितळी कवच फुगे आणि ते बाहेर निघत नसे. पिसाळलेला रानरेडा समोर असता रायफल न उघडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणूनच उष्णकटिबंधासाठी बनविलेल्या काडतुसांत कवच प्रशस्त आणि दाब कमी ठेवण्याचा प्रघात पडला. रिग्बीने १९११ मध्ये आणलेल्या ‘४१६’ या काडतुसाचे भले मोठे कवच पाहून ते उधळपट्टीचे वाटेल. परंतु ती उष्ण हवामानासाठी ठेवलेली सुरक्षिततेची जागा होती.

सामर्थ्याबरोबर विश्वासार्हतेचाही प्रश्न होता. युगांडा रेल्वेच्या बांधकामावर १८९८ साली त्सावो येथे दोन सिंहांनी हिंदी मजुरांवर हल्ले चढविले. बंदोबस्तासाठी झटणाऱ्या जे. एच. पॅटरसन या अभियंत्याने अधिक शक्तिमान म्हणून एक दुनळी रायफल उसनी घेतली. सिंह अगदी जवळ असता तिचा पहिला बार उडालाच नाही. आणि त्या गोंधळात दुसऱ्या नळीचा विचारही त्याला तत्काळ सुचला नाही. अखेर डिसेंबरात दोन्ही सिंह मारले गेले. परंतु हाताशी न रुळलेले जड हत्यार हे सरावातल्या हलक्या हत्यारापेक्षा श्रेष्ठ असतेच असे नाही, हा धडा पॅटरसनच्या १९०७ मधील वृत्तांतातून निघतो.

४. हलकी की जड? : बेल आणि ग्रे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रश्नावर दोन पक्ष पडले. हलक्या रायफलीच्या पक्षाचा आधारस्तंभ म्हणजे वॉल्टर डी. एम. बेल (१८८०-१९५४). युगांडाच्या ईशान्येकडील कारामोजा भागातील भटकंतीमुळे तो ‘कारामोजो’ बेल या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या नावावर १,०११ हत्तींची नोंद आहे आणि त्यांपैकी बहुसंख्य त्याने २७५ बोअरच्या रिग्बी रायफलीने मारले. ही रायफल म्हणजे ७ मिलिमीटरची माउझर. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याला जिचा प्रसाद मिळाला तीच. तिची ऊर्जा साधारण २,००० फूट-पौंड, म्हणजे ४५० एक्सप्रेसच्या निम्म्याहूनही कमी.

बेलच्या यशाचे रहस्य रायफलीत नव्हते. त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूचे नेमके स्थान अभ्यासले होते. समोरून, बाजूने आणि तिरपे मागून अशा प्रत्येक कोनातून गोळी कोठून शिरली असता मेंदूपर्यंत पोहोचेल, याचा त्याने पक्का अंदाज बसविला. लांबट कवचधारी गोळी हाडातून सरळ जाते, हलक्या रायफलीचा धक्का सौम्य असल्याने नेम ढळत नाही आणि आवाज बेताचा असल्याने कळप उधळत नाही, ही त्याची कारणमीमांसा होती. काडतुसांच्या दर्जाविषयी तो फार काटेकोर असे. हस्तिदंत हा त्याचा धंदा होता; वाया गेलेली गोळी म्हणजे व्यापारी तोटा. त्याचे तत्त्वज्ञान १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि पुष्कळांना अनुकरणाचा मोह झाला.

या तत्त्वज्ञानाची मर्यादा दाखविणारी घटना त्यापूर्वीच घडून गेली होती. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा भाऊ जॉर्ज ग्रे हा १९११ च्या जानेवारीअखेर ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत घोड्यावरून सिंहाचा पाठलाग करीत असता सिंह उलटला. ग्रेच्या हाती २८० बोअरची रॉस रायफल होती. तिची हलकी गोळी त्या काळच्या मानाने अत्यंत वेगवान होती. अगदी जवळून गोळ्या लागूनही सिंह थांबला नाही. जखमी ग्रे पुढे नैरोबीत मरण पावला. अतिवेगवान हलकी गोळी जवळच्या पल्ल्यावर आपटताच फुटून जाते आणि आत शिरत नाही, असा त्यातून निष्कर्ष काढण्यात आला.

वरवर पाहता बेल आणि ग्रे यांची उदाहरणे परस्परविरोधी वाटतात. वास्तविक ती एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत. बेलची गोळी मंद, लांब व कठीण होती. ग्रेची वेगवान, आखूड व ठिसूळ होती. बेल निश्चिंत उभ्या असलेल्या प्राण्यावर, स्वतःच्या सोयीने कोन निवडून बार टाकीत असे. ग्रेवर अंगावर आलेला प्राणी थांबविण्याचा प्रसंग आला. मारणे आणि थांबविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हृदयात गोळी बसलेला हत्तीही काही अंतर धावून मग पडतो. तेवढ्या अवधीत तो शिकाऱ्याचा प्राण घेऊ शकतो. म्हणून ‘हलकी की जड’ हा वाद पुष्कळसा चुकीच्या पद्धतीने मांडला गेला, असे म्हणावे लागते. प्रश्न गोळीच्या बांधणीचा आणि प्रसंगाच्या स्वरूपाचा होता.

जॉन टेलर याने १९४८ मध्ये आफ्रिकी रायफली व काडतुसे यांवरील आपल्या ग्रंथात या भेदाला गणिती रूप देण्याचा प्रयत्न केला. गोळीचे ग्रेनांतील वजन, सेकंदास फुटांतील वेग आणि इंचांतील व्यास यांच्या गुणाकारास ७,००० ने भागले की त्याचा ‘आघातांक’ मिळतो. या रीतीने २७५ ला सुमारे १६, ३७५ मॅग्नमला ४०, ४१६ ला ५८, ४५० एक्सप्रेसला ६८ आणि ६०० ला सुमारे १५० असे अंक येतात. हे सूत्र भौतिकशास्त्राच्या कोणत्याही नियमातून निघालेले नाही. मेंदूच्या जवळून गेलेली, पण मेंदूस न लागलेली गोळी हत्तीला किती भोवळ आणील, याचा तो अनुभवजन्य अंदाज होता. टेलरच्या वाचकांनी मात्र त्याला सर्वसाधारण मारकशक्तीचे माप मानले. त्यामुळे त्याच्या नावावर पुष्कळ गैरसमज रूढ झाले.

५. हिंदुस्थानातील मनाई आणि आफ्रिकेतील बोअर

आतापर्यंतच्या विवेचनात निवडीची तांत्रिक कारणे पाहिली. तथापि १९०७ नंतरच्या रायफलींच्या यादीवर दृष्टी टाकली असता एक विलक्षण गोष्ट आढळते. ४६५, ४७०, ४७५ क्रमांक दोन, ४७६ अशी निरनिराळ्या कारखान्यांची काडतुसे अल्पावधीत पुढे आली आणि ती सारी ४५० च्या किंचित वर आहेत. त्यांच्या शक्तीत फारसा भेद नाही. जोसेफ लँगच्या ४७० ची ५०० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे २,१५० फूट वेगाने जाते व तिची ऊर्जा सुमारे ५,१०० फूट-पौंड भरते. ४५० च्या तुलनेत ही वाढ इतकी अल्प आहे की, हत्तीला तिची जाणीव होण्याचे कारण नाही. मग यशस्वी ठरलेले ४५० टाकून एवढी नवी काडतुसे निर्माण करण्याचे प्रयोजन काय?

त्याचे उत्तर आफ्रिकेत नसून हिंदुस्थानात आहे. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल ४५० बोअरची होती. पुढे सैन्याने ती टाकून ३०३ घेतली, तरी जुन्या मार्टिनी रायफली मोठ्या संख्येने बाहेर, विशेषतः वायव्य सरहद्दीकडे, फिरत राहिल्या. शिकारीसाठी आयात होणारी ४५० ची काडतुसे वा त्यांतील गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील, या धास्तीने १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरच्या रायफली व काडतुसे यांच्या हिंदुस्थानातील आयातीस मनाई केली. सुदानलाही तोच निर्बंध लागू झाला. कॉर्डाइटवर चालणारे ४५० चे लांब काडतूस जुन्या मार्टिनीत बसत नव्हते, ही तांत्रिक बाब प्रशासनाच्या भीतीपुढे गौण ठरली.

ब्रिटिश बंदूक-कारखानदारांना हिंदुस्थान आणि आफ्रिका या दोन बाजारपेठांची गरज होती. वाघासाठी आणि गव्यासाठी जड रायफली घेणारे संस्थानिक, मुलकी व लष्करी अधिकारी हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. हिंदुस्थानात विकता न येणारे माप केवळ आफ्रिकेसाठी चालू ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. यास्तव प्रत्येकाने मनाईच्या कक्षेबाहेर जाईल असे नवे माप शोधले. त्यांपैकी ४७० ला पुढे सर्वाधिक मान्यता मिळाली व पूर्व आफ्रिकेतील व्यावसायिक शिकाऱ्यांची ती आवडती दुनळी रायफल झाली. ज्या मुलखात ४५० ला मनाई नव्हती, तेथेही. अशा रीतीने पंजाब-सरहद्दीच्या बंदोबस्ताचा हुकूम केनियाच्या हत्तीपर्यंत पोहोचला.

नागरिकांच्या हाती लष्करी माप असू नये, या धोरणाचा वारसा स्वतंत्र भारतातही टिकला. १९५९ चा शस्त्र अधिनियम व १९६२ चे नियम यांखालील परवानापद्धतीत ‘निषिद्ध बोअर’ ही संज्ञा रूढ झाली आणि ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरी उपयोगासाठी बनविलेल्या रायफलीचे ३१५ हे माप याच धोरणाचे फळ होय.

६. परवाना, वाहक आणि वगळलेले शिकारी

निवड करण्याचा अधिकार मुळात कोणाला होता, हाही प्रश्न विचारावयास हवा. २ जुलै १८९० रोजी संमत झालेल्या ब्रुसेल्सच्या करारान्वये २० अंश उत्तर ते २२ अंश दक्षिण या अक्षांशांमधील आफ्रिकेत सुधारलेल्या शस्त्रांची आयात नियंत्रित झाली. गुलामांच्या व्यापारास आळा घालणे, हा त्याचा जाहीर हेतू होता. मात्र बिनआट्यांच्या चकमकीच्या बंदुका आणि साधी दारू यांना या करारात सवलत ठेवली होती. सुधारलेली रायफल मुख्यतः युरोपीय अधिकारी व परवानाधारक प्रवासी यांच्याच वाट्यास आली. हिंदुस्थानातील १८७८ च्या शस्त्रकायद्याचे हे सहोदर भावंड होय. बेल २७५ आणि ४५० यांचे गुणदोष तोलीत होता, त्याच काळात ज्यांच्या भूमीवर तो वावरत होता त्यांना असा विचार करण्याची मुभाच नव्हती.

१९०० साली लंडन येथे वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी भरलेल्या परिषदेत लहान हत्तींना संरक्षण देण्याचा आणि पाच किलोग्रॅमहून हलके हस्तिदंत जप्त करण्याचा करार झाला. पुरेशा राष्ट्रांची मान्यता न मिळाल्याने तो अमलात आला नाही. तथापि त्यातील कल्पना वसाहतींच्या कायद्यांत उतरल्या. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याच्या परवान्याचा दर ५० पौंड होता. तेथे त्या वेळी हिंदी रुपयाचे चलन असल्याने हा आकडा ७५० रुपये असाही मांडला जाई. परवाना सधनांना शिकारी ठरवी. जाळे, भाला व विषारी बाण यांनी परंपरेने शिकार करणारा स्थानिक मनुष्य मात्र चोरटा शिकारी ठरे.

१९०९-१० मधील थिओडोर रूझवेल्टची सफर या व्यवस्थेचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या संचात ब्रिटिश चाहत्यांनी भेट दिलेली हॉलंड अँड हॉलंडची ५००/४५० दुनळी, सिंहासाठी विंचेस्टरची ४०५ आणि दूरच्या नेमासाठी सैन्यातली स्प्रिंगफील्ड, अशा जड, मध्यम व हलक्या रायफली होत्या. त्याने व त्याच्या मुलाने मिळून ५१२ प्राणी मारले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी नमुने गोळा करणे, हे त्याचे समर्थन होते. तीन रायफलींचा हा संच पुढे आदर्श मानला गेला.

परंतु तीन रायफली एकट्याने वाहता येत नाहीत. अकरा पौंडांची दुनळी दिवसभर खांद्यावर घेऊन चालणारा आफ्रिकी बंदूकवाहक हा या व्यवस्थेचा आधार होता. प्राणी चालून येताच मालकाच्या मागे स्थिर उभे राहून भरलेली दुसरी रायफल हाती देणे, हे त्याचे काम. तो पळाला तर जगातील सर्वोत्तम रायफलही निरुपयोगी ठरे. स्वतः त्याच्या हातात मात्र बहुधा बार टाकण्याचा अधिकार नसे. शिकारवाङ्मयात काडतुसांच्या वजनाची नोंद ग्रेनपर्यंत सापडते; वाहकांची नावे पुष्कळदा सापडत नाहीत. बेलने हलकी रायफल पसंत केली याचे एक फल असे की, ती त्याला स्वतःच्या हाती सतत बाळगता येई आणि तो वाहकावर कमी विसंबे. बोअरची निवड ही अशा रीतीने माणसामाणसांतील संबंधांचीही निवड होती.

७. मध्यम मार्ग आणि अखेर

१९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने ३७५ मॅग्नम हे काडतूस प्रसिद्ध केले. त्याची ३०० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारे २,५०० फूट वेगाने जाते. ऊर्जा सुमारे ४,१०० फूट-पौंड. हरणापासून हत्तीपर्यंत सर्वांस चालेल, धक्का सामान्य मनुष्यास सोसवेल आणि तीन रायफलींचे काम एक करील, अशी ही योजना होती. कोणत्याही एका कामात ती सर्वश्रेष्ठ नव्हती. कोणत्याही कामात अगदीच अपुरीही नव्हती. आफ्रिकेतील अनेक प्रदेशांच्या नियमांनी पुढे हिंस्र वा अजस्र प्राण्यांसाठी ३७५ ही किमान मर्यादा ठरविली. बेलच्या पद्धतीस त्यामुळे कायद्याने प्रतिबंध झाला. कायद्याने येथे कुशल अपवादाचा नव्हे, तर सरासरी शिकाऱ्याचा विचार केला आणि जखमी होऊन रानात हिंडणाऱ्या प्राण्याचा व त्याच्या वाटेत येणाऱ्या ग्रामस्थाचा विचार करता तो योग्यच होता.

मध्यम व हलक्या रायफलींच्या जोडीचा पुरस्कार हिंदुस्थानातील अनुभवातूनही होत होता. कुमाऊँमधील नरभक्षकांचा कर्दनकाळ जिम कॉर्बेट याच्या २७५ रिग्बी व ४५०/४०० जेफरी या दोन रायफली प्रसिद्ध आहेत. १९४७ मध्ये तो केनियातील न्येरी येथे स्थायिक झाला व १९५५ साली तेथेच निवर्तला; दोन्ही खंडांतील शिकारपरंपरा कशा जोडलेल्या होत्या, याची ही एक साक्ष.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश कारखान्यांची मोठी बाजारपेठ आटली. हाताने घडविलेली दुनळी महाग होत गेली. १९५६ साली अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने ४५८ मॅग्नम हे काडतूस साध्या, स्वस्त रायफलीत आणले. जुन्या ४५० व ४७० ची शक्ती आखूड कवचात देणे, हा त्याचा उद्देश होता. आखूड कवचात दारू दाबून भरल्यामुळे ती कधी कधी गोठून वेग घटे, अशा तक्रारी आल्या. तरीही किंमत व उपलब्धता यांच्या जोरावर त्याने आफ्रिका काबीज केली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस किनॉक या ब्रिटिश कारखान्याने जुन्या बोअरांची काडतुसे बनविणे क्रमशः सोडून दिले आणि कित्येक उत्कृष्ट दुनळ्या काडतुसांवाचून निकामी झाल्या. पुढे या काडतुसांचे मर्यादित पुनरुज्जीवन झाले, ते निराळे. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली. पूर्व आफ्रिकेतील सफरीच्या ज्या परंपरेत हे सारे वाद वाढले, तिच्या मुख्य केंद्रातच ती खंडित झाली.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, काळ्या दारूपासून कॉर्डाइटपर्यंतच्या बदलात बोअरच्या आकाराचे महत्त्व घटून गोळीच्या बांधणीचे व स्थाननिश्चितीचे महत्त्व वाढले. बेल व ग्रे यांच्या अनुभवांतील विरोध त्यामुळे उलगडतो. दुसरी अशी की, निवडीसाठी उपलब्ध असलेली यादीच व्यापार व शासन यांनी आधी चाळलेली होती. ४७० च्या लोकप्रियतेमागे हत्तीपेक्षा मार्टिनी-हेन्रीचा हात अधिक आहे. तिसरी अशी की, निवडीचे हे स्वातंत्र्य ज्या कायद्यांनी काहींना दिले त्याच कायद्यांनी ते इतरांपासून काढून घेतले.

म्हणून रायफलीच्या नळीवर कोरलेला आकडा हा केवळ व्यासाचा निर्देश नव्हे. तो कोणत्या वर्षी, कोणत्या बंदरासाठी आणि कोणत्या हुकुमाच्या छायेत ठरला, हे विचारल्यास तो इतिहासाचे साधन होतो. न विचारल्यास तो विक्रेत्याच्या सूचीतील एक आकडा राहतो. शिकाऱ्यांच्या ग्रंथांतून त्यांचे शौर्य वाचताना, ज्याच्या खांद्यावरून ती रायफल आली आणि ज्याला ती बाळगण्यास मनाई होती, त्या दोघांची जागा रिकामी आहे याचे भान ठेवल्यासच हा इतिहास पुरा होईल.